ब्लॉक नक्की कोणाचा? पॅराफिनमधल्या टिश्यूची ओळख पटवणारी चाचणी बसवताना ठेवलेल्या नोंदी

हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये (जिथे टिश्यू पॅराफिनच्या, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यात, ब्लॉकमध्ये बसवून तपासतात) एसटीआर प्रोफायलिंग (डीएनएमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून माणूस ओळखणं) सुरू करायचा विचार करणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. एसटीआर म्हणजे काय, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) कसा चालतो, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. इथे फक्त काय अडलं, कशाने सुटलं आणि पैसे कुठे गेले तेवढंच. लॅब मध्यम आकाराची. थर्मल सायकलर (पीसीआरचं यंत्र) आणि क्युबिट (डीएनए मोजणारं यंत्र) आमचे. कॅपिलरी मशीन (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून दाखवणारं) एका दुसऱ्या संस्थेचं, तिथे प्लेट घेऊन जायची आणि चालवण्याचे पैसे भरायचे.

५ फेब्रुवारी २०२४

पित्ताशयाच्या स्लाइडवर कडेला अडिनोकार्सिनोमाचा (ग्रंथींच्या कॅन्सरचा) इवलासा तुकडा. बाई चाळिशीच्या, खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालेलं. ग्रॉसिंगला (नुसत्या डोळ्यांनी तपासून तुकडे घेताना) भिंत पातळ, गाठ नाही, कडकपणा नाही. तुकडा भिंतीला कुठेच जोडलेला नाही आणि फोकस करायला गेलं की तो वेगळ्याच पातळीवर येतो, म्हणजे सेक्शनच्या (टिश्यूच्या पातळ कापाच्या) वर बसलेला. फ्लोटर, म्हणजे दुसरीकडून आलेला भटका तुकडा.

डीएनए वगैरे नंतर. आधी फुकटातले उपाय: रजिस्टर उघडून त्या पित्ताशयाच्या आधी कोणता ब्लॉक कापला ते पाहिलं (मोठ्या आतड्याचा कॅन्सर), आणि ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर (पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) चढवून खोल सेक्शन घेतले. तुकडा गायब. म्हणजे ब्लॉकमध्ये तो नव्हताच, वॉटर बाथमध्ये (काप पसरवायच्या कोमट पाण्यात) तरंगत आला आणि स्लाइडवर बसला. निदान बदलायचं कारण नाही, रिपोर्ट गेला.

सर्जननी फोनवर विचारलं, "डॉक्टर, आणि तुकडा ब्लॉकमध्येच निघाला असता तर?" तर खोल सेक्शनने काही सुटलं नसतं. मग ती भेसळ ग्रॉसिंगच्या टेबलावर, प्रोसेसरमध्ये (टिश्यूत मेण मुरवणाऱ्या यंत्रात) किंवा एम्बेडिंगच्या (टिश्यू मेणात बसवण्याच्या) चिमट्यावरून झालेली असणार, आणि तो तुकडा पेशंटचा नाही हे सिद्ध करायला आमच्याकडे काही नव्हतं. एरवी असे ब्लॉक बाहेर पाठवायचे आणि वाट पाहायची. १९९६ मध्ये अमेरिकेत २७५ लॅबचा या विषयावरचा अभ्यास छापून आला. त्यात रोजच्या कामात ०.६ टक्के स्लाइडवर परका टिश्यू सापडला, आणि जुन्या स्लाइड मुद्दाम पुन्हा पाहिल्यावर २.९ टक्क्यांवर. आपल्याकडे दिसत नाही, कारण कोणी शोधत नाही. चाचणी आपल्याच लॅबमध्ये बसवायची असं ठरलं.

१२ फेब्रुवारी

कोणती पद्धत, यावर बैठक. ज्येष्ठ डॉक्टरांनी ब्लडग्रुपची आठवण काढली. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि लाल पेशींवर ए आणि बी अँटिजेन असतात, ते पॅराफिन सेक्शनवरही रंगवता येतात. स्वस्त खरं, पण दोन्ही पेशंट बी पॉझिटिव्ह निघाले की संपलं, आणि आपल्याकडे बी काही दुर्मीळ नाही. शिवाय काही ट्यूमर स्वतःचे ब्लडग्रुप अँटिजेन गमावतात.

दुसरा पर्याय एक्स-वाय फिश, म्हणजे पेशीतली एक्स आणि वाय गुणसूत्रं चमकत्या प्रोबने दाखवणं. एक पुरुष आणि एक बाई असेल तर उत्तम, कारण तुकडा जागेवरच राहतो, खरवडावा लागत नाही. काही शेकडा पेशींचा तुकडाही चालतो. पण प्रोस्टेटच्या दोन बायॉप्सींची अदलाबदल असेल तर उपयोग शून्य, आणि प्रोब महाग.

उरला एसटीआर. आयडेंटिफायलर प्लस हे किट घेतलं: १५ लोकस (डीएनएवरच्या तपासायच्या जागा) आणि अमेलोजेनिन (बाई की पुरुष ते सांगणारी जागा). अमेलोजेनिनवर आंधळा भरवसा ठेवायचा नाही हे तेव्हाच लिहून ठेवलं. काही पुरुषांत वाय गुणसूत्रावरचा हा भागच गळालेला असतो, आणि भारतीय पुरुषांत असे लोक आहेत हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने २००२ मध्ये दाखवलंय. ‘एक्स’चा एकटा पीक (आलेखातला उंचवटा) दिसला म्हणून नमुना बाईचाच, असं लिहायचं नाही.

सरावाला असे ब्लॉक हवेत ज्यांच्या पेशंटचं रक्तही मिळेल. त्यासाठी संमतीपत्र आणि एथिक्स समिती. समिती महिन्यातून एकदा बसते. आमचा अर्ज एका बैठकीत ‘संमतीपत्र मराठीतही हवं’ म्हणून परत आला. रास्तच होतं, पण आधी सुचलं असतं तर महिना वाचला असता. तुम्ही किटची ऑर्डर द्यायच्या आधी हा अर्ज टाका. आमचं किट फ्रीझरमध्ये पडून राहिलं आणि एक्स्पायरीचा काटा फिरत राहिला.

१८ मार्च

ब्लॉक कापायला घेतले. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीने खाल्ला, आणि ही पायरी कोणत्याच किटच्या माहितीपत्रकात धड लिहिलेली नसते.

नेहमीच्या कामात एका ब्लेडवर ओळीने ब्लॉक कापले जातात. इथे ते चालत नाही. ठरलेला क्रम असा: मायक्रोटोमचा ब्लेड होल्डर आणि खालचा ट्रे ब्रशने झाडायचा, झायलीनने पुसायचा, मग अल्कोहोलने. नवा ब्लेड. पहिल्यांदा कोऱ्या मेणाचा, टिश्यू नसलेला ब्लॉक कापायचा आणि त्याचे काप एका ट्यूबमध्ये घ्यायचे. ही आपली कोरी ट्यूब, ती शेवटपर्यंत नमुन्यांबरोबरच चालते. मग पेशंटचा ब्लॉक: वरचे एकदोन काप फेकायचे, कारण उघड्या पृष्ठभागावर काय बसलंय देव जाणे. नंतरचे काप टूथपिकने थेट ट्यूबमध्ये. वॉटर बाथच्या जवळही जायचं नाही. पुढच्या ब्लॉकला पुन्हा नवा ब्लेड.

मायक्रोटोमवरच्या ताई म्हणाल्या, "सर, दर ब्लॉकला नवा ब्लेड? स्टोअरवाले मला जाब विचारतील." ब्लेड दीडशेच्या आसपास पडतो. हा खर्च आधीच मंजूर करून घ्या, नाहीतर कुठेतरी हात आखडला जातो आणि मग पुढचं हजारोंचं काम वाया.

ही पहिली खेप पुढे मशीनवर चालवली तेव्हा कोऱ्या मेणाच्या ट्यूबमध्ये पीक आले. तीनचार लोकसवरच, बुटके, पण आले, आणि त्यात वाय होता. ब्लॉक बायकांचे, कापणाऱ्या ताई, मग वाय कुठला? शेवटी ब्रशवर संशय आला: मायक्रोटोमवर रोज वापरायचा रंगाचा ब्रश, ज्यावर वर्षभराचे सगळ्यांचे काप. ब्रश हद्दपार, प्रत्येक वेळी नवी टूथपिक. पुढची कोरी ट्यूब कोरीच राहिली.

या निमित्ताने लॅबमधल्या सगळ्यांचे प्रोफाइल, त्यांच्या लेखी संमतीने, नावाऐवजी क्रमांक टाकून तयार केले. आता कोऱ्या ट्यूबमध्ये काही दिसलं की आधी घरातल्यांशी ताडून पाहतो.

२६ मार्च

एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे टिश्यूतून डीएनए काढणं. झायलीनने मेण काढलं, अल्कोहोलने धुतलं, प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) घालून ५६ अंशांवर रात्रभर, मग ९० अंशांवर एक तास. हा एक तास गाळू नका. फॉर्मलिनने (टिश्यू टिकवायच्या द्रवाने) डीएनए आणि प्रथिनांत घातलेल्या गाठी इथेच सुटतात.

नॅनोड्रॉपवर (डीएनए मोजायच्या दुसऱ्या यंत्रावर) आकडे बघून सगळे खूश. क्युबिटवर त्याच ट्यूब जवळजवळ रिकाम्या. नॅनोड्रॉप तुटका-फुटका डीएनए, आरएनए, राहिलेला कचरा सगळं एकाच पिशवीत मोजतो. पॅराफिनच्या कामात त्याच्या आकड्यावरून पीसीआरमध्ये किती घालायचं ते ठरवू नका.

काही ट्यूबमध्ये क्युबिटवर डीएनए भरपूर, पण पीसीआरमध्ये काहीच नाही. कारण साधं निघालं: अल्कोहोल पुरतं उडालं नव्हतं. झाकण उघडं ठेवून ३७ अंशांच्या हीटिंग ब्लॉकवर ट्यूब ठेवल्या, तळाला ओल दिसेनाशी झाली, मगच बफर घातलं. घाई केली तिथे पुन्हा तेच.

४ एप्रिल

पहिली प्लेट. मशीनच्या एका इंजेक्शनमध्ये ८ कॅपिलरी. दोन पेशंटचा साधा प्रश्न असला तरी हिशेब असा: दोन ब्लॉक, दोघांचं रक्त, कोऱ्या मेणाची ट्यूब, पीसीआरचा निगेटिव्ह, पॉझिटिव्ह आणि लॅडर (माहीत असलेल्या लांब्यांची मोजपट्टी). बरोबर आठ. बिल इंजेक्शनवर आहे, नमुन्यावर नाही, म्हणून एकटादुकटा ब्लॉक घेऊन जाणं महागात पडतं. एक ब्लॉक रिपीट करायचा तरी अख्खं इंजेक्शन.

पॉझिटिव्ह कंट्रोल ९९४७ए, म्हणजे प्रोफाइल आधीच माहीत असलेला डीएनए. तो आधी बघायची सवय लावली: अमेलोजेनिनवर फक्त एक्स, टीएच०१ वर ८ आणि ९.३ हे अलील (आई-वडिलांकडून आलेली लोकसची दोन रूपं, आकडा पुनरावृत्तींचा). हे जागेवर नसेल तर पुढचं पाहायचंच नाही.

रक्ताचे प्रोफाइल देखणे, पंधराच्या पंधरा. ब्लॉकचे मात्र डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरत जाणारे. छोटे लोकस म्हणजे डी१९एस४३३, डी३एस१३५८, डी८एस११७९, डी५एस८१८, टीएच०१ नीट आले. तीनशे बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपासचे सीएसएफ१पीओ, डी२एस१३३८, डी१८एस५१ आणि एफजीएचे लांब अलील एक तर गायब, नाहीतर जोडीतला एकच दिसतो. फॉर्मलिनमधला डीएनए पावसात भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखा असतो: छोटी बातमी वाचता येते, अख्खं पान उलगडायला गेलं की तुकडे.

धोका ‘गायब’मध्ये नाही, ‘जोडीतला एकच दिसतो’ यात आहे. पेशंटच्या रक्तात १२ आणि १८, ब्लॉकमध्ये फक्त १२. हा दुसरा माणूस, की १८ नंबरचा लांब अलील तुटल्यामुळे आला नाही? नियम केला: ब्लॉकवर एकटा पीक ठरलेल्या उंचीपेक्षा बुटका असेल तर त्याला होमोझायगस (दोन्ही अलील सारखे) म्हणायचं नाही, त्या जागी ‘१२, ?’ असं लिहायचं. ती उंची आमच्याच सरावाच्या ब्लॉकवरून ठरवली. दुसऱ्याच्या लॅबची उसनी घेऊ नका. मशीन बदललं की ती बदलते.

१५ एप्रिल

काही ब्लॉक एकदम चांगले, काही अगदी वाईट, आणि ते जुन्या-नव्यावर नव्हतं. यादी मांडल्यावर दिसलं की वाईट ब्लॉक ठरावीक ठिकाणांहून येतात. तिथून एक बरणी मागवली आणि पीएच पट्टी बुडवली. आम्ल. औषधाच्या दुकानातून आणलेलं फॉर्मलिन, नळाचं पाणी घालून अंदाजाने पातळ केलेलं. बफर नसलं की फॉर्मलिनचं हळूहळू फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डीएनए चिरत बसतं. दुसऱ्या एका ठिकाणी बरणीच लहान: अख्खं गर्भाशय कोंबलेलं आणि फॉर्मलिन वरवर ओतलेलं. मधला भाग फिक्स होण्याआधीच सडायला लागतो.

इथे पीसीआरची सायकल वाढवून काही होणार नव्हतं. आता फॉर्मलिन आम्हीच करून पाठवतो: ४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बरणीवर रेघ मारलेली, रेघेच्या वर टिश्यू भरायचा नाही. दोन रसायनं आणि एक तराजू, यापेक्षा जास्त खर्च नाही. या सगळ्या प्रकल्पातली रुपयामागे सर्वांत जास्त फळ दिलेली गोष्ट हीच, आणि तिचा फायदा रोजच्या इम्युनोहिस्टोलाही (अँटिबॉडीने टिश्यू रंगवण्याच्या कामालाही) झाला.

२ मे

ब्लॉकमधले न येणारे मोठे लोकस मिळवायला मिनिफायलर हे किट मागवलं. त्यात एफजीए, डी१८एस५१, सीएसएफ१पीओ, डी२एस१३३८, डी७एस८२० वगैरे ८ लोकसच असतात, पण प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे तुकडे) आत सरकवून तुकडे आखूड केलेले. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांतले जळके अवशेष ओळखताना असल्या आखूड लोकसचा पहिल्यांदा मोठा वापर झाला. आमच्या वाईट ब्लॉकवरही फरक लगेच दिसला.

पण दुसरं किट म्हणजे दुसरा खर्च, दुसरी एक्स्पायरी. सगळ्यांना ते लागेलच असं नाही, आणि हे आम्हाला उशिरा उमगलं. गुन्ह्याच्या तपासात प्रश्न असतो, ‘जगातल्या कोणाचा?’ आमचा प्रश्न असतो, ‘या दोघांपैकी कोणाचा?’ त्याला पंधरा लोकस लागत नाहीत. सहा-सात धड आले आणि त्यांत दोघे स्पष्ट वेगळे असले की काम झालं. अपवाद नात्यातल्यांचा. एकाच कॅम्पला एकाच गावातून आलेल्या सख्ख्या बहिणी असतील तर सहा-सात पुरत नाहीत, कारण प्रत्येक लोकसवर भावंडांचे दोन्ही अलील जुळायची शक्यता निदान चारात एक. त्यामुळे रिक्वेस्ट फॉर्मवर ‘दोन्ही पेशंट एकमेकांचे नातेवाईक आहेत का?’ हा रकाना आला.

१४ मे

अर्ध्या पीकवर ‘ओएल’. म्हणजे लॅडरमधल्या कोणत्याच अलीलवर बसत नाही. आधी वाटलं ट्यूमरचं काहीतरी आहे, पण रक्तालाही तेच. मशीन जिथे आहे तिथे रात्री एसी बंद करतात. सकाळी खोली तापलेली, लॅडर त्यात धावलं, मग कोणीतरी एसी लावला आणि नमुने गार खोलीत धावले. अर्ध्या बेसच्या फरकाने अलील डब्याबाहेर (लॅडरने आखलेल्या जागेबाहेर) पडतो. उपाय: एसी लावून खोली गार होऊ द्यायची, मग प्लेट चढवायची, आणि प्रत्येक इंजेक्शनमध्ये स्वतंत्र लॅडर. एका कॅपिलरीची बचत करायला जाऊ नका.

त्याच आठवड्यात फॉर्ममाइड (नमुना मशीनवर चढवायचं द्रव) बदललं. मोठ्या बाटलीतून रोज घेऊन पुन्हा गोठवत होतो, त्याने सिग्नल पडतो. आता एकेका प्लेटपुरत्या ट्यूब भरून ठेवल्यात. उरलं ते टाकायचं.

१० जून

ज्याची धास्ती होती तो ब्लॉक आला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, सरावासाठी घेतलेला, पेशंटचं रक्त आमच्यासमोर काढलेलं. म्हणजे जुळायलाच हवं. डी१८एस५१ वर रक्तात १४ आणि १७ सारख्या उंचीचे. ट्यूमरमध्ये १४ उंच आणि १७ जेमतेम जमिनीवरून डोकं वर काढलेला. सहज कोणी ‘१४, १४’ वाचून ‘जुळत नाही’ लिहील.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये १८व्या गुणसूत्राची लांब बाजू गळणं नेहमीचंच, आणि डी१८एस५१ तिथेच बसलेलं आहे. एका लोकसवर अलील हरवणं ही ट्यूमरची करामत असते. उलट प्रकारही असतो: मायक्रोसॅटेलाइट (एसटीआरसारखे भाग) अस्थिर असलेल्या ट्यूमरमध्ये रक्तात नसलेले जादा अलील उगवतात, आणि ते पाहून दोन माणसांची भेसळ वाटते.

उतारा त्याच ब्लॉकमध्ये होता. कडेला आतड्याची नॉर्मल भिंत होती, स्नायूंचा जाड पट्टा. एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर मार्करने नॉर्मल भाग आखला, ती स्लाइड ब्लॉकवर धरून ब्लेडने ब्लॉकवर तेवढ्याच भागाभोवती खाच पाडली आणि फक्त तेवढा मेणाचा भाग घेतला. प्रोफाइल रक्ताशी तंतोतंत.

आता हा कायमचा नियम: ट्यूमर एकट्याने कधीही ताडायचा नाही. ब्लॉकमधला नॉर्मल स्नायू, लिम्फ नोड, कडेची त्वचा, जे असेल ते आधी. ट्यूमर नंतर. ट्रूकट (जाड सुईने घेतलेल्या) बायॉप्सीत नॉर्मल मिळत नाही, तिथे ट्यूमरवरच भागवावं लागतं. मग एका लोकसच्या फरकावर निकाल द्यायचा नाही, वेगवेगळ्या गुणसूत्रांवर बरेच लोकस वेगळे दिसले तरच ‘दुसऱ्याचा’ म्हणायचं. फ्लोटरचं मात्र उलटं: तिथे तुकडाच तपासायचा आहे, भोवतालचा टिश्यू जरासुद्धा आला तर मिश्र प्रोफाइल येतं. सुईने स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली काढतो, आणि शेजारचा यजमान टिश्यू वेगळ्या ट्यूबमध्ये, तुलनेला.

८ जुलै

पहिली खरी केस. स्तनाची ट्रूकट बायॉप्सी, रिपोर्ट कॅन्सर. सर्जन म्हणतात सोनोग्राफीत त्या बाजूची गाठ साधी फायब्रोअडिनोमासारखी (कॅन्सर नसलेली) दिसते, हाताला तशीच लागते. त्याच दिवशी आणखी एका बाईची ट्रूकट झालेली, तिचा रिपोर्ट फायब्रोअडिनोमा. अदलाबदलीचा संशय यायला आणखी काय हवं?

दोघींना बोलावून रक्त घेतलं. वॉर्डमधून आलेलं रक्त घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. ज्या साखळीवर संशय आहे त्याच साखळीतून तुलनेचा नमुना आला तर चाचणीला अर्थ नाही. ओळखपत्र बघून, आमच्या माणसासमोर, पेशंटला नाव उच्चारायला लावून.

निकाल: दोन्ही ब्लॉक ज्यांच्या नावाचे त्यांचेच. कॅन्सरच्या ब्लॉकमध्ये दोन लोकसवर असमतोल होता, पण रक्तात नसलेला एकही अलील नव्हता. रिपोर्ट दिला ‘जुळतो’. सर्जन समाधानी नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. चौकशीत कळलं की कॅन्सरचा रिपोर्ट आलेल्या बाईच्या दोन्ही बाजूंच्या बायॉप्सी झाल्या होत्या, दोन बरण्या, आणि उजव्या-डाव्याची लेबलं उलटी लागली होती. ते बायॉप्सी घेतली तिथेच झालेलं. दुसऱ्या बाजूला संशयास्पद गाठ होतीच.

डीएनएला उजवं-डावं कळत नाही. एकाच माणसाच्या दोन बरण्या बदलल्या तर ही चाचणी हसतमुखाने ‘जुळतो’ म्हणणार, आणि त्या शब्दाने सगळे निर्धास्त होणार. रिपोर्टच्या साच्यात तेव्हाच वाक्य घातलं: ‘ही चाचणी टिश्यू कोणत्या व्यक्तीचा हे सांगते, शरीराची बाजू किंवा जागा सांगत नाही.’ ठळक टाइपात.

२२ जुलै

हात टेकले ते नमुने:

बोन मॅरो ट्रेफाइन (सुईने काढलेला हाडाचा तुकडा), नायट्रिक आम्लात डिकॅल्सिफाय केलेला, म्हणजे कॅल्शियम काढून मऊ केलेला. एकही लोकस नाही. ईडीटीएत केलेल्यावर बरे येतात, पण त्याला दिवस लागतात आणि क्लिनिशियनला रिपोर्ट उद्या हवा असतो. तडजोड म्हणून अशा केसमध्ये ॲस्पिरेटची (सुईने ओढलेल्या मॅरोची) एक न रंगवलेली स्मिअर जपून ठेवायला सुरुवात केली.

वृषणाची बायॉप्सी, बुइनच्या द्रावात (टिश्यू टिकवायच्या दुसऱ्या एका द्रावात) आलेली. पिवळीधम्मक, डीएनए मोडलेला. मिनिफायलरवरही काही नाही. वंध्यत्वाच्या क्लिनिकांना सवय बदला म्हणता येत नाही, त्यांना पेशींची रचना बुइनमध्येच छान दिसते. ‘निष्कर्ष काढता येत नाही’ लिहून परत.

एका पेशंटचं रक्तच तुलनेला चालणारं नव्हतं: आधी दात्याकडून बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेलं. रक्तात दात्याचं प्रोफाइल येतं, गालाच्या स्वॅबमध्ये दोघांची भेसळ, कारण स्वॅबवर पांढऱ्या पेशीही येतात. डोक्याचे केस मुळासकट उपटून त्यांवर काम केलं. फॉर्मवर आणखी एक रकाना.

१९ ऑगस्ट

ब्लॉकमधला टिश्यू संपलेला, संशयित तुकडा फक्त रंगवलेल्या स्लाइडवर. ती स्लाइड खरवडली की पुरावाही गेला, म्हणून आधी पूर्ण स्कॅन, दोन डॉक्टरांची सही, पेशंटच्या डॉक्टरांची लेखी संमती, मगच झायलीनमध्ये.

डीपीएक्सने (डिंकासारख्या द्रवाने) बसवलेली कव्हरस्लिप (वरची पातळ काच) सहज सुटत नाही. जुनी स्लाइड असेल तर दोन-तीन दिवस झायलीनमध्ये ठेवावी लागते. नखाने ढकलून पाहू नका, स्लिपबरोबर तुकडाही उचलला जातो. आपसूक घसरायला लागली की समजा तयार.

एक्स्ट्रॅक्शन ठीक, पण पीसीआर दबलेला. हिमॅटॉक्सिलिन या रंगाचा अंश राहिला की असं होतं. डीएनए पातळ केला आणि मिश्रणात बीएसए (एक प्रथिन) घातलं, तेव्हा पीक वर आले. छोटे लोकस मिळाले, त्यांत दोन पेशंट स्पष्ट वेगळे होते, तुकडा शेजारच्या केसचा निघाला.

१६ सप्टेंबर

निकालाचे शब्द तीनच ठेवले: जुळतो, जुळत नाही, निष्कर्ष काढता येत नाही. ‘जुळण्याची शक्यता दिसते’ असलं काही नाही. क्लिनिशियन त्याचा आपल्याला हवा तो अर्थ काढतात. दोन जणांनी स्वतंत्र वाचायचं, दुसऱ्याला पहिल्याचा निकाल माहीत नसताना आणि कोणता ब्लॉक कोणाचा हेही झाकलेलं. पहिल्यांदा असं केलं तेव्हा एका बुटक्या पीकवरून दोघांचं जमलं नाही. एकाने स्टटर (पीसीआरमुळे उगवणारा खोटा पीक) म्हटलं, एकाने खरा अलील. चार बेस अलीकडे, मुख्य पीकच्या एक दशांश उंचीचा. मुद्दाम पुन्हा पीसीआर केला, तोच बुटका त्याच जागी त्याच उंचीचा. स्टटर ठरवला. भेसळीचा संशय असलेल्या नमुन्यात मात्र तेवढ्यावर भागणार नाही, बाकीच्या लोकसवर तिसरा अलील शोधावा लागेल.

वेळ: ब्लॉक आल्यापासून निकालापर्यंत आठवडा धरा. प्रत्यक्ष काम दोन-तीन दिवसांचं, बाकी मशीनवर जागा मिळण्याची वाट. खर्चात सगळ्यांत जड रिपीट, आणि रिपीट बहुतेक वेळा वाईट फॉर्मलिनचे. किट अर्ध्या रिॲक्शनमध्ये चालवून पाहिलं. रक्ताला चालतं, ब्लॉकला नाही. आधीच कमी असलेला डीएनए अर्ध्या आकारमानात आणखी कमी मावतो.

ग्रॉसिंगच्या टेबलावर बदल झालेत ते असे: दर केसनंतर चिमटा आणि बोर्ड धुवायचा, एकामागून एक सारख्या बायॉप्सी घ्यायच्या नाहीत (दोन प्रोस्टेटच्या मध्ये एक अपेंडिक्स), बारीक तुकडे जाळीच्या कागदात गुंडाळून कॅसेटमध्ये, आणि किती तुकडे टाकले तो आकडा लिहायचा. एम्बेडिंगला तो आकडा मोजून बघायचा. वॉटर बाथचं पाणी दर ब्लॉकनंतर टिश्यूपेपर फिरवून साफ.

राहिलेलं: पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून स्वतःचा पॅराफिन ब्लॉक तयार करायचाय, कारण ९९४७ए शुद्ध डीएनए आहे आणि मेण काढण्याची पायरी त्याने तपासली जात नाही. त्यासाठी टॉन्सिलचा ब्लॉक घ्यायचा विचार आहे, पेशी भरपूर आणि टिश्यूही मुबलक. संमतीचा अर्ज पुढच्या बैठकीला टाकलाय, या वेळी मराठी प्रतीसकट.